अर्जाआधीची गळती

यवतमाळ जिल्ह्यात जून महिना दोन कारणांनी पैशाचा असतो. मृगाचा पाऊस पडला की सरकीचं बियाणं, खताच्या गोण्या, डवरणीची मजुरी असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. त्याच पंधरवड्यात बारावी किंवा पदवी झालेल्या मुलामुलींच्या प्रवेशाच्या तारखा येतात. कापूस घरात यायला दिवाळी उजाडते, शेवटचा वेचा जानेवारीपर्यंत लांबतो आणि हातात थोडा पैसा असतो तो त्याच काळात. म्हणजे एखादी नामांकित संस्था ‘आठवडाभरात शुल्क भरून जागा निश्चित करा’ असं ज्या महिन्यात कळवते, त्या महिन्यात शेतकऱ्याच्या घरी कृषी केंद्राची उधारी चालू असते. शिष्यवृत्ती मिळणार असते, पण ती वर्ग सुरू झाल्यानंतर कधीतरी. जागा मात्र आठवड्यात जाते.

उच्च शिक्षणातल्या विषमतेबद्दल आपण बोलतो तेव्हा परीक्षा, गुण, आरक्षण आणि फी एवढ्याच गोष्टी चर्चेत येतात. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण यवतमाळसारख्या जिल्ह्यात सर्वांत मोठी गळती परीक्षेच्या आधी होते. मुलं नापास होत नाहीत, नाकारलीही जात नाहीत. ती अर्जच करत नाहीत. ती कोणत्याही यादीत नसतात, म्हणून कोणत्याही आकड्यात दिसत नाहीत. गेल्या काही वर्षांत याच गळतीवर काम करण्याचा एक नेटका प्रयत्न यवतमाळातून सुरू झाला. तो समजून घ्यायचा तर आधी जिल्हा नजरेसमोर हवा.

सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या वर, त्यात १८ टक्क्यांहून अधिक आदिवासी. गोंड, कोलाम, परधान, आंध या जमाती, शिवाय तांड्यातांड्यांवर राहणारा मोठा बंजारा समाज आणि पारधी वस्त्या. जिल्ह्यातली महाविद्यालयं अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झालं. त्याआधी सगळं नागपूर विद्यापीठाकडे होतं. उमरखेडहून अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर. यवतमाळ शहरातल्या माणसाला दिल्ली-मुंबईची गाडी पकडायची तर आजही धामणगाव किंवा वर्धा गाठावं लागतं. इंग्रजांच्या काळातली यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे बंद पडली आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब एवढाच टप्पा २०२४ साली सुरू झाला. प्रवेशपरीक्षेचं केंद्र नागपूरला आलं की झरी जामणीच्या मुलीसाठी तो एक दिवसाचा प्रवास राहत नाही. आदल्या दिवशी निघणं, सोबत कोणीतरी येणं, त्या माणसाची मजुरी बुडणं, रात्रीचा मुक्काम, एवढं सगळं त्यात येतं.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे २०२१-२२ चे आकडे सांगतात की १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत देशात उच्च शिक्षणात नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के आहे. अनुसूचित जमातींमध्ये ते २१.२ टक्के आहे. महाराष्ट्राचा एकूण आकडा ३५ टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण नोंदणी म्हणजे कुठेतरी नाव दाखल असणं. तालुक्याच्या गावी बी.ए.ला नाव घालून पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा आणि बंगळुरूच्या एखाद्या विज्ञानसंस्थेत शिकणारा मुलगा या आकड्यात सारखेच मोजले जातात. खरी दरी त्या दोघांमध्ये आहे.

ही दरी केवळ गुणवत्तेची नाही, हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेत झाला आहे. मिशिगन विद्यापीठ हे तिथलं नामांकित सरकारी विद्यापीठ. त्या राज्यातल्या गरीब घरच्या हुशार मुलांना तिथे जवळपास मोफत शिकता येत होतं, तरी ती अर्ज करत नव्हती. २०१५ पासून संशोधकांनी अशा काही मुलांच्या घरी रंगीत पाकिटं पाठवली. त्यात लिहिलं होतं: तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, याची हमी आम्ही आधीच देतो. या मुलांना मिळणारी मदत जवळजवळ तेवढीच होती. फक्त जी आधी कागदपत्रांनंतर कळली असती ती अर्जाआधी, खात्रीच्या भाषेत कळली. पाकीट न मिळालेल्यांपैकी २६ टक्के मुलांनी अर्ज केला होता, पाकीट मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी केला. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून वाढलं.

याच विषयावर कॅरोलाइन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की चांगल्या संस्थेत अर्ज न करणारी हुशार गरीब मुलं बहुतांशी लहान गावांतली असतात. त्यांच्या शाळेतून यापूर्वी कोणी तिथे गेलेलं नसतं, त्यांच्या शिक्षकांनीही ती संस्था पाहिलेली नसते. हे वाचताना मला पांढरकवडा आणि मारेगाव आठवतं. मात्र पुढची गोष्टही सांगायला हवी. नुसती माहितीपत्रकं लाखो विद्यार्थ्यांना पाठवण्याचा मोठा प्रयत्न नंतर तिथे झाला आणि त्याचा जवळपास काहीच परिणाम झाला नाही. माहिती आणि भरवसा या वेगळ्या गोष्टी आहेत. मिशिगनच्या पाकिटात पैशाची हमी होती. जिथे अशी हमी देणारी संस्था नाही, तिथे भरवसा द्यायला माणूस लागतो.

यवतमाळात सुरू झालेलं काम नेमकं असा माणूस उभा करण्याचं आहे. राजू केंद्रे हे मूळचे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे, भटक्या जमातीतल्या शेतकरी कुटुंबातले. बारावीनंतर पुण्याला गेले, पण मार्गदर्शन आणि पैसा दोन्हींच्या अभावी नियमित महाविद्यालयाचं शिक्षण पुढे जाऊ शकलं नाही. पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घेतली. मेळघाटात काम केलं, मग टाटा समाजविज्ञान संस्थेत म्हणजे ‘टिस’मध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आणि पुढे ग्रामीण विकासाच्या कामासाठी यवतमाळ जिल्ह्यात आले. इथेच २०१७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकलव्य या उपक्रमाची सुरुवात केली. पुढे त्याचं ‘एकलव्य इंडिया फाउंडेशन’ झालं आणि मुख्य काम नागपुरातून चालू लागलं. २०२१ मध्ये केंद्रे यांना ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली, लंडनच्या सोएस या संस्थेत ते शिकले, आणि २०२२ मध्ये फोर्ब्स इंडियाच्या तिशीच्या आतल्या तीस जणांच्या यादीत त्यांचं नाव आलं. बातम्या या शेवटच्या दोन गोष्टींच्या झाल्या. मला त्याआधीची यवतमाळची वर्षं जास्त मोलाची वाटतात, कारण कामाची पद्धत तिथे घडली.

पद्धत ऐकायला साधी आहे. पदवीच्या वर्गात शिकणारी, घरातली पहिलीच पिढी महाविद्यालयात पोचलेली मुलंमुली निवासी कार्यशाळेत एकत्र येतात. टिस, अझीम प्रेमजी विद्यापीठ, केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी-आयआयएममधले वेगळे अभ्यासक्रम अशा संस्था कोणत्या, तिथे काय शिकवतात, परीक्षा कशी असते, फी किती आणि माफी कोणाला, हे सगळं सांगितलं जातं. सांगणारी मंडळी आदल्या एक-दोन वर्षांत तिथे पोचलेली, याच भागातली मुलं असतात. त्यानंतर महिनोन्‌महिने पाठपुरावा चालतो: अर्ज भरून घेणं, निबंध तपासणं, मुलाखतीचा सराव, आणि प्रवेश मिळाल्यावर त्या परक्या शहरात पहिलं सत्र टिकून राहायला मदत. पुढे याच धर्तीवर परदेशी विद्यापीठं आणि चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, इरॅस्मस मुंडससारख्या शिष्यवृत्त्यांसाठी वेगळा कार्यक्रमही उभा राहिला.

यातलं निबंधाचं काम बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. अनेक संस्था अर्जासोबत विद्यार्थ्याकडून एक निवेदन मागतात: तुला हाच विषय का शिकायचा आहे, आजवर काय केलंस, पुढे काय करायचं आहे. शहरातल्या घरात यासाठी मावशी असते, शेजारी असतो, पैसे घेणारा सल्लागार असतो. आर्णीची मुलगी मात्र इंटरनेटवरून एक नमुना उतरवून काढते, आणि त्यात तिचं स्वतःचं काहीच नसतं. कापसाच्या वेचणीला शाळा बुडवून जावं लागलं, ग्रामसभेत बापाच्या घरकुलाचा अर्ज तिने लिहून दिला, रोजगार हमीच्या हजेरीपटातली चूक तिने पकडली, हे तिला सांगण्याजोगं वाटतच नाही. ग्रामीण विकास किंवा सार्वजनिक धोरण शिकवणाऱ्या संस्थेला मात्र नेमकं हेच वाचायचं असतं. हे अनुभव लिहिण्याजोगे आहेत, असं तिला तिच्यासारख्याच घरातून पुढे गेलेली ताई सांगते, तेव्हा तिला ते पटतं.

आता कागदांकडे वळू, कारण हुशार मुलं इथे फार अडकतात. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना स्वतंत्र आरक्षण आहे. बंजारा समाज त्यात विमुक्त जाती ‘अ’ गटात येतो. पण केंद्रीय संस्थांमध्ये असा गटच नाही. तिथे या मुलांना इतर मागासवर्गाच्या म्हणजे ओबीसींच्या जागांमधून अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी राज्याचं नॉन-क्रिमिलेअर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. हे ज्याला अर्ज भरताना शेवटच्या रात्री कळतं, तो खुल्या गटाची खूण करून मोकळा होतो किंवा अर्ज सोडून देतो. पैनगंगा ओलांडली की गोष्ट आणखी बदलते. पलीकडे आदिलाबादला, तेलंगणात, हाच समाज लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत आहे. एकाच गोताच्या, एकाच बोलीच्या दोन चुलत बहिणी नदीच्या दोन तीरांवरून एकाच विद्यापीठाला वेगवेगळ्या गटांतून अर्ज करतात. यातलं योग्य काय यावर राजकीय वाद होत राहतील. पण आजच्या विद्यार्थ्याला आपला गट कोणता आणि त्याचा कागद कुठून मिळतो, हे अकरावीतच कळायला हवं.

शिष्यवृत्त्यांची गोष्टही अशीच. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे. बार्टी, सारथी आणि नागपुरातली महाज्योती या संस्था आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या मागास, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारने पूर्ण माफ केली, हा मोठा निर्णय होता. योजना कमी नाहीत, अडचण वेळेची आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत टिसच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणी विद्यार्थ्यांनी बहिष्कार आंदोलन केलं ते याच कारणाने. शिष्यवृत्तीधारकांना आधी माफ असलेले वसतिगृहाचे आणि खानावळीचे पैसे भरायला सांगितले गेले होते. देशातल्या सर्वांत संवेदनशील मानल्या जाणाऱ्या संस्थेतही गरीब विद्यार्थ्याचं वर्ष एका परिपत्रकावर लटकू शकतं.

परदेशी शिक्षणाच्या जागा पाहिल्या की मन खट्टू होतं. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी संपूर्ण देशात मिळून ६. भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी ४. आदिवासींसाठी वेगळी योजना आहे, तिच्यात देशभरात २० जागा, आणि त्यातल्या ३ विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी. महाराष्ट्रात अशा तीन जमाती आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची वस्ती मुख्यतः यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव या पट्ट्यात. देशभरात अशा ७५ जमाती, आणि जागा तीन. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे, तिच्यात अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांची सोय होते. ही महाराष्ट्राची जमेची बाजू. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांवर एका तरुणाला तीन वर्षांसाठी कोलंबिया विद्यापीठात पाठवलं होतं. तो तरुण भीमराव आंबेडकर होता. एका जागेचं मोल काय असतं, हे या राज्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार!

खरं तर अर्जाआधीची गळती आपल्या थोरांना फार पूर्वीच दिसली होती. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात सरकारचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो आणि शेतकऱ्यांची मुलं प्राथमिक शिक्षणालाही मुकतात, अशी तक्रार मांडली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि कमवा-शिका योजना चालवली. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून परत आल्यावर अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवलं आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. या सगळ्यांनी शाळेइतकंच वसतिगृहाला महत्त्व दिलं, कारण अडसर फीचा कमी आणि राहण्या-जेवण्याचा, सोबतीचा, ‘आपल्यातलं कोणी तिथे आहे’ या धीराचा जास्त आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. एकलव्यसारखं आजचं काम त्याच वाटेवरचं आहे. छात्रालयाची भिंत नाही, पण सोबत तीच.

या कामावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला गंभीर वाटतो. दरवर्षी काही शे मुलं टिसला, बंगळुरूला, दिल्लीला गेली, बाकीच्यांचं काय? पुसद, वणी, दारव्हा, दिग्रसच्या महाविद्यालयांत हजारो मुलं शिकतात, त्यांच्यापैकी बहुतेक तिथेच पदवी घेणार आहेत. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, ग्रंथालयात जुनी पाठ्यपुस्तकं, अशी स्थिती असताना मोजक्या मुलांना बाहेर काढण्याने विषमता कमी होते की फक्त गावातली हुशारी शहरात जाते? माझं मत असं की दोन्ही कामं लागतात, आणि दुसरं काम सरकारचं आहे. कोणत्याही स्वयंसेवी संस्थेने रिकाम्या पदांची भरती करावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही. पण पहिल्या कामाचा दुसऱ्यावर परिणाम होतो, हेही खरं. ज्या महाविद्यालयातून एक मुलगी दिल्लीला गेली, तिथल्या पुढच्या वर्गाला ती वाट ठाऊक असते. हॉक्सबी आणि एव्हरींनी ज्या एकट्या पडलेल्या मुलांबद्दल लिहिलं, त्यांचं एकटेपण असंच मोडतं. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामायिक परीक्षा मराठीसह १३ भाषांत होते, त्यामुळे ही वाट थोडी रुंद झाली आहे. वर्गातली भाषा मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीच, आणि त्यासाठी पहिल्या सत्रात मदत लागते. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ हे केंद्रीय विद्यापीठ तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. आपल्या किती महाविद्यालयांनी तिथला अर्ज कसा भरायचा हे मुलांना दाखवलं असेल?

पांढरकवडा आणि पुसद इथल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी, आश्रमशाळांनी आणि तालुक्याच्या महाविद्यालयांनी या कामासाठी एकेक माणूस नेमला, तरी बराच फरक पडेल. त्या माणसाकडे वर्षाचं वेळापत्रक हवं. चेव्हनिंगचा अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतो आणि शरद ऋतूत बंद होतो; त्याला २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, म्हणून पदवीनंतर दोन-एक वर्षं काय काम केलं याची नोंद ठेवायला आतापासून सुरुवात हवी. आश्रमशाळेतून बाहेर पडणाऱ्या आदिवासी मुलांची जातवैधता बारावीच्या आधी व्हायला हवी, कारण पडताळणी समितीकडे अर्ज केल्यापासून दाखला हातात यायला महिने लागतात. ओबीसी म्हणून केंद्रीय संस्थेत जाणाऱ्यांनी केंद्राच्या नमुन्यातला दाखला १ एप्रिलनंतर, नव्या आर्थिक वर्षात काढावा. जुना दाखला बहुतेक ठिकाणी परत येतो. आणि तहसील कार्यालयात त्यासाठी जाताना बापाच्या उत्पन्नाचे तीन वर्षांचे कागद सोबत न्यावेत. त्यांच्याशिवाय दाखला पुढे सरकत नाही, आणि एप्रिलचा मे व्हायला वेळ लागत नाही.